जयंतीच्या दिवशी दालनाला कुलूप का? चंद्रपूर-गडचिरोलीतील संग्रहालयांना खुले पत्र

प्रति,
चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहानमोठ्या संग्रहालयांचे विश्वस्त आणि अभिरक्षक,
तसेच वीर बाबुराव शेडमाके जयंती व शहीद दिन उत्सव समित्या

जय सेवा. जोहार.

12 मार्च आणि 21 ऑक्टोबर या दोन तारखा आपल्या भागात कॅलेंडर न पाहता माहीत असतात. 12 मार्च 1833 हा इंग्रजांविरुद्ध लढलेल्या मोलमपल्लीच्या बाबुराव पुल्लेसूर शेडमाके यांचा जन्मदिवस. 21 ऑक्टोबर 1858 रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. या दोन्ही दिवशी संग्रहालयाच्या आवारात मांडव पडतो, ढोल वाजतात, पाहुणे येतात, भाषणे होतात. आणि गर्दी आवरणार नाही म्हणून नेमके त्याच दिवशी दालनाला कुलूप लागते. लांबून ट्रॅक्टर-जीपने आलेली माणसे मांडवातूनच माघारी फिरतात. आतल्या काचेमागे त्यांच्याच आजोळचे धनुष्य आहे, शेजारच्या गावचा ढोल आहे, याचा पत्ताही त्यांना लागत नाही.

कुलूप काढा, हे आमचे म्हणणे. मात्र तयारी करून काढा, कारण तयारीशिवाय उघडलेल्या दालनाचे एका दिवसात जे होते ते पुढे दहा वर्षे निस्तरत बसावे लागते.

उघडायचे ते कशासाठी, हे आधी ठरवू. आपल्या दालनांतल्या पाट्या वाचून पाहा. ‘आदिवासी वाद्य’, ‘शस्त्र’, ‘अलंकार’. ना गाव, ना करणाऱ्याचे नाव, ना त्या वस्तूला गोंडीत किंवा माडियात काय म्हणतात ते. ही माहिती पुस्तकात मिळत नाही. ती ज्यांच्याकडे आहे ती माणसे वर्षातून दोनदा आपण होऊन आपल्या दारात येतात, आणि आपण त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून पाहुण्यांचे सत्कार दाखवतो.

म्हणून मांडवात एक ओळख-टेबल हवे. दालनातल्या तीस वस्तूंचे ए-फोर आकाराचे फोटो छापा आणि त्यांवर फक्त नोंदवहीतला क्रमांक घाला. नाव घालू नका. छापील नाव समोर असले की वडीलधारी माणसे संकोचाने तेच पुन्हा सांगतात. प्रत्येक फोटोमागे चार प्रश्न: तुमच्या बोलीत याला काय म्हणतात? कोण बनवायचे? कधी वापरायचे? ही वस्तू सगळ्यांसमोर मांडलेली चालते का? टेबलावर दोन माणसे बसवा, त्याच बोलीत बोलणारे एक आणि लिहिणारे एक. पाच फोटोंना पंधरा मिनिटे लागतात, त्यामुळे एका टेबलावर तासाला चारच माणसे होतात. गर्दी मोठी असेल तर टेबले वाढवा, प्रश्न कमी करू नका. दोन वडीलधाऱ्यांनी दोन नावे सांगितली तर दोन्ही लिहा. एटापल्लीकडचे एक आणि सिरोंचाकडचे एक अशी नावे असणारच. त्यातले ‘बरोबर’ कोणते, हा प्रश्नच चुकीचा आहे.

चौथा प्रश्न गाळू नका. काही वाद्ये, काही काठ्या, काही मोरपिसे पेनाची, म्हणजे कुळाच्या देवाची असतात. ती दालनात ठेवावीत की नाही, ठेवली तर कशी, हे त्या कुळाने सांगायचे आणि आपण ऐकायचे. उत्तर ‘झाकून ठेवा’ असे आले तर त्याच संध्याकाळी झाका. समितीच्या पुढच्या बैठकीची वाट पाहू नका.

आता वेळेचे. 12 मार्चचा कार्यक्रम सकाळी दहाला ठेवला जातो आणि मग ‘गावची माणसे आली नाहीत’ अशी तक्रार होते. मार्चमध्ये मोह गळतो. फुले रात्री आणि पहाटे पडतात. गुरे आणि हरणे पोचायच्या आत, ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात. घरातल्या बाया, मुले, म्हातारी माणसे सकाळभर झाडाखाली असतात, आणि वर्षाच्या रोकडीतला मोठा वाटा त्यातून येतो. एवढे सोडून भाषणाला कोण येईल? शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात. तेव्हा मार्चचा कार्यक्रम दुपारी चारनंतर सुरू करा, आठ-साडेआठला संपवा, आणि शाळेच्या किंवा दवाखान्याच्या 100 मीटरच्या आत असाल तर भोंगे लावूच नका. तो शांतता परिसर धरला जातो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक तसेही बंदच ठेवायचे असतात. ऑक्टोबरची अडचण निराळी. हलके धान कापणीला आलेले असते आणि हवेत पावसाचा ओलावा शिल्लक असतो. तेव्हा सकाळ चालते, पण दालनातली दमट हवा हा मोठा प्रश्न होतो.

तो प्रश्न असा. माणूस नुसता उभा राहिला तरी श्वासातून आणि घामातून तासाला सुमारे 50 ग्रॅम पाणी हवेत सोडतो. उकाड्यात त्याहून जास्त. वीस फूट बाय तीस फुटांच्या दालनात काचेच्या पेट्या आणि टेबले वजा केली तर चालायला चारशे चौरस फूट उरतात. माणशी सोळा चौरस फूट धरले तर एका वेळी पंचवीस जण. म्हणजे तासाला सव्वा लिटर पाणी आपण बंद खोलीत ओततो. बांबू, चामडे, कापूस हे पाणी पितात, फुगतात, आणि दुसऱ्या दिवशी कडक उन्हात दारे उघडली की आकसतात. भेगा या फुगण्या-आकसण्यातून पडतात. पंचवीसची एक तुकडी दहा मिनिटे आत, मग दोन मिनिटे दार-खिडकी उघडी, असे चक्र लावा. तासाला पाच तुकड्या, चार तासांत पाचशे माणसे. दोन हजार येणार असतील तर बाकीच्या दीड हजारांना नाही म्हणावे लागेल, आणि ते कोणालाच आवडणार नाही. त्यापेक्षा दालन आठवडाभर उघडे ठेवा आणि निमंत्रणातच कोणत्या गावासाठी कोणता दिवस ते छापा. गावातून एकत्र आलेली माणसे आपसात बोलतात, आणि आपल्याला हवी ती माहिती त्या बोलण्यातच असते.

दीपप्रज्वलन, हार, हळदीचा भंडारा या गोष्टींना आमचा विरोध नाही. दालनाच्या आत मात्र त्या नकोत. तेलाच्या दिव्याची आणि कापराची काजळी चिकट असते. ती कापडाच्या धाग्यात बसली की झटकून निघत नाही. समई मांडवात ठेवा, दारापासून पंधरा फुटांवर. ओला झेंडूचा हार जुन्या तसबिरीला घातला की पाणी काचेच्या कडेने आत उतरते, फोटोचा थर काचेला चिकटतो, आणि पुढे कोणी तो सोडवायला गेले की चेहराच काचेवर निघून येतो. हारासाठी आवारात एक प्रतिकृती, पुतळा किंवा छापील चित्र ठेवा. अस्सल तसबीर आतच राहू द्या.

हळदीचा भंडारा उधळला जातो तेथे दालनाची दारे-खिडक्या बंद हव्यात आणि दाराशी ओले पोते हवे, म्हणजे तळव्यांची भुकटी आत जात नाही. तरीही एखाद्या जुन्या वस्त्रावर हळद पडलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका आणि साबण तर मुळीच लावू नका. हळद खाराच्या संपर्कात लाल होते. आपल्याकडे अनेक वस्त्रांवर जे ‘जुने रक्ताचे डाग’ म्हणून दाखवले जातात त्यांतले काही डाग साबणाने धुतलेल्या हळदीचे असू शकतात, इतके म्हणायला हरकत नाही. कोरड्या मऊ ब्रशने भुकटी सुटी करायची आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून, अगदी कमी ओढीवर ती उचलायची.

प्रकाशाचेही तसेच. वस्त्र, पिसे, रंगवलेला बांबू यांना 50 लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजायचे एकक) जास्त प्रकाश नको. चॅनेलवाले आणि फोटोग्राफर आत हॅलोजन लावतात. त्यांना फोटो आधीच काढून द्या आणि दिवे बाहेर ठेवायला सांगा. डीजेच्या भिंती दालनाच्या भिंतीला पाठ लावून उभ्या करू नका. खालच्या सुरांनी काचेची पेटी थरथरते आणि आतल्या वस्तू हळूहळू फळीच्या कडेकडे सरकत जातात.

ढोल. रेला, म्हणजे गोंडी गाणे-नाच, सुरू झाला की कोणाला तरी दालनातला जुना ढोल बाहेर आणून वाजवावासा वाटतो. जुने, सुकलेले चामडे दुसऱ्या थापेला फाटते. दमट हवेत ढोल सैल पडतो म्हणून वाजवणारे आधी शेकोटीवर कातडे तापवतात; ही रीत जिवंत ढोलासाठी आहे, शंभर वर्षांच्या ढोलासाठी नाही. वाजवणाऱ्यांना त्यांचे स्वतःचे ढोल घेऊन बोलवा आणि शेकोटीची जागा मांडवाच्या कनातीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला आधीच आखून द्या. शेजारी वाळूच्या दोन बादल्या ठेवा. मार्चमध्ये पालापाचोळा कोरडाठाक असतो.

सर्वांत धोक्याची गोष्ट भरमार, म्हणजे तोंडाकडून दारू ठासायची जुनी बंदूक. बाबुरावांचा लढा म्हटला की ती मांडणीत येतेच, आणि फोटोसाठी कोणाच्या तरी खांद्यावर चढतेच. जुन्या भरमारीत बार तसाच ठासलेला राहू शकतो. दालनातल्या प्रत्येक भरमारीची तपासणी उत्सवाच्या कितीतरी आधी व्हायला हवी, तीही पोलिसांच्या शस्त्र जाणकारासमोर. रीत साधी आहे. बंदुकीच्या तोंडासमोर न येता बारीक लाकडी काठी नळीत अलगद तळापर्यंत सोडायची आणि तोंडाशी खूण करायची. मग तीच काठी नळीच्या बाहेरून धरून टोक कुठवर येते ते पाहायचे. टोक बत्ती देण्याच्या छिद्रापाशी पोचले तर नळी रिकामी. चार बोटे अलीकडेच थांबले तर आत काहीतरी आहे. मग ठोकणे नाही, खरवडणे नाही, उन्हात ठेवणे नाही. बंदुकीचे तोंड मोकळ्या बाजूला ठेवून खोली रिकामी करा आणि पोलिसांना बोलवा. मिरवणुकीत अस्सल शस्त्रे नकोतच. आपल्या जिल्ह्यात खांद्यावरच्या बंदुकीकडे कोण कसे पाहील, हे आम्ही आपल्याला सांगायला नको. लाकडी प्रतिकृती घ्या आणि तीही पोलीस ठाण्याला लेखी कळवून. बाणांची टोके उघड्या हाताने धरू नका, त्यांवर जुने विष असू शकते. आणि पूर्वी संग्रहांवर कीटकनाशकाची पावडर सर्रास टाकत. तेव्हा मुलांना हाताळायला द्यायच्या वस्तू नव्या, बाजारातून घेतलेल्या असाव्यात.

लोक घरून वस्तू आणतील: आजीचे दागिने, मापाची पायली, बांबूची टोपली. आनंदाने घ्या, पण पावतीशिवाय घेऊ नका. पावती तीन प्रतींची: एक देणाऱ्याला, एक संग्रहालयाला, एक समितीला. त्यावर वस्तूचे वर्णन, आधीच असलेली तूटफूट, मोबाइलने काढलेल्या फोटोचा क्रमांक, परत करण्याची तारीख. ‘दान’ आणि ‘दाखवायला दिले’ यांचे रकाने वेगळे ठेवा. नंतरची भांडणे याच एका शब्दावरून होतात. बांबूच्या वस्तूखाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर आत भुंगा आहे. ती वस्तू दालनात नेली तर तो शेजारच्या धनुष्यात शिरतो. पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून उणे 20 अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडू नका, नाहीतर थंड वस्तूवर दव धरते. ताणलेल्या कातड्याच्या वाद्यांना हा उपाय करू नका.

गाण्यांबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण तेथे सर्वांत जास्त वाया जाते. बाबुरावांची गाणी उत्सवाच्या दिवशी ध्वनिमुद्रित करू नका. मागे जनरेटर, पुढे निवेदक, मध्येच टाळ्या. हाती येतो तो गोंगाट. मुद्रण महिनाभर आधी गावात करा, संध्याकाळी कामे आटोपल्यावर, पंखा आणि मोबाइल बंद करून. रेला दोन फळ्यांत म्हटला जातो, एक फळी उचलते आणि दुसरी झेलते. म्हणून स्टिरिओ रेकॉर्डर दोन्ही फळ्यांच्या मध्ये, छातीच्या उंचीवर. सुरुवातीला तारीख, गाव, गाणाऱ्यांची नावे तोंडी बोलून घ्या. प्रश्न गाणे संपल्यावर विचारा, मध्ये नाही. मुद्रण वेव्ह फाइलमध्ये, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. तासाला साधारण एक जीबी होते, ती चैन परवडते. एमपीथ्री नंतर काढता येते, एमपीथ्रीतून गेलेला आवाज परत येत नाही. तीन प्रती करा आणि त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवा. चौथी गाणाऱ्यांच्या गावात, पेन ड्राइव्हवर. गाणे यूट्यूबवर टाकायचे का, हे वेगळे विचारा. गायला होकार दिला म्हणजे त्यालाही होकार दिला असे होत नाही. मग उत्सवाच्या दिवशी ते मुद्रण गावासमोर वाजवा आणि लिहून घेतलेला पाठ भिंतीवर लावा. चुका तिथेच दुरुस्त होतात, आणि ‘आमच्याकडे हे कडवे निराळे आहे’ म्हणणारी दुसरी फळी उभी राहते. असा कार्यक्रम कोणत्याही भाषणापेक्षा रंगतो. लिहिणारा त्याच बोलीचा हवा. माडिया गाणे गोंडी बोलणाऱ्याने उतरवले तर शब्द सरळ होऊन बसतात. सिरोंचाकडची आणि प्राणहितेपलीकडची माणसे येत असतील तर पाठ तेलुगू लिपीतही लावा.

पैशाबद्दल एक वाक्य: साउंडवाल्याचे बिल रोख निघते आणि सकाळची मजुरी बुडवून आलेल्या गाणाऱ्या बायांच्या वाट्याला शाल-श्रीफळ येते, हे बंद करा. भाडे, जेवण आणि दिवसाची मजुरी त्याच संध्याकाळी हातात द्या.

शेवटी पाट्या. चिंचगुंडीच्या पाटीवर ‘दोन इंग्रज अधिकारी मारले’ एवढेच लिहू नका. 29 एप्रिल 1858 च्या रात्री चिंचगुंडीला प्राणहितेकाठच्या छावणीवर बाबुरावांच्या माणसांचा हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल मारले गेले, त्यांचा सोबती पीटर निसटून इंग्रज अधिकारी कॅप्टन क्रिक्टनपर्यंत पोचला. ही माणसे तारखात्याची होती. तारेच्या कामावरच घाव पडला, हे वाचणाऱ्याला कळले तर त्या हल्ल्याचे वजन कळते. बाबुरावांबरोबर गोंडांप्रमाणे रोहिलेही (पठाण लढवय्ये) होते. ते आपल्या पाट्यांवरून गायब झाले आहेत. बाबुरावांचे साथीदार, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव बस्तरकडे निसटले, 1860 मध्ये पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. त्यांची पाटी तर बहुतेक ठिकाणी नाहीच. बाबुरावांना पकडून देण्यात अहेरीच्या जमीनदारीणबाईंचा हात होता, असे इंग्रजी दप्तर सांगते. हे दडवू नका, आणि चवीनेही लिहू नका. त्या भागातली घराणी आजही शेजारी राहतात. कोणाच्या कागदात काय लिहिले आहे, एवढे सांगून थांबा.

इंग्रजी गॅझेटियरमधून गावांची नावे उतरवताना जपा. इंग्रज कारकून ‘ड’साठी त्यांचा ‘आर’ वापरत. त्यामुळे अडपल्लीची ‘अर्पल्ली’ होऊन पुन्हा मराठीत येते आणि त्या गावचा माणूस पाटीसमोर उभा राहूनही आपले गाव ओळखत नाही.

बांबूचे विषारी फळ पचवून बाबुरावांच्या अंगी अद्भुत बळ आले, ही कथा पाटीवर हवी की नको, यावर समित्यांत वाद होतात. हवी. पाटीला दोन रकाने करा, ‘कागद काय सांगतात’ आणि ‘लोक काय सांगतात’. दोन्हींची अक्षरे सारख्याच आकाराची. त्यांचे जे चित्र आपण लावतो ते चित्रकाराच्या कल्पनेतले असेल तर तसे त्याखाली लिहा. भारतीय टपाल खात्याने 12 मार्च 2009 रोजी त्यांच्यावर तिकीट काढले. ते मूळ तिकीट मांडायचे असेल तर मागे डिंक असतो हे ध्यानात ठेवा, फळीला चिकटवू नका, चार कोपऱ्यांना कागदी खाचा करा.

येत्या 21 ऑक्टोबरसाठी हे सगळे जमेल असे आम्हाला वाटत नाही. भरमारीची तपासणी, पावतीपुस्तक आणि एक ओळख-टेबल एवढे जमेल. ओळख-टेबलाची पत्रे पोळ्याच्या आधी गावांत पोचली पाहिजेत, नंतर धान आणि सण यांत कोणाला वेळ नसतो. आणि एक काम तर उद्याच करता येईल: दालनात फिरून ‘वाद्य’, ‘शस्त्र’, ‘अलंकार’ एवढेच लिहिलेल्या पाट्या मोजा, आणि तो आकडा मोठ्या अक्षरांत मांडवाच्या दारावर लावा.

आपले,
वस्तूंची निगा राखणारे, गाणी उतरवून घेणारे आणि पाट्या लिहिणारे काही जण